सिझर झालेल्या बाईच्या कार्डावर चार ओळी जास्त लिहा

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रसूतिगृहांचे चालक
आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग

डॉक्टरसाहेब, मॅडम, सर्वांना नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते. ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना लांबलचक पत्र कोण वाचतं, हे मला माहीत आहे. सिझर करून बाईला घरी सोडताना तिच्या डिस्चार्ज कार्डावर, वाचता येईल अशा अक्षरात आणि मराठीत, एवढं लिहून द्या. सिझर कशासाठी करावं लागलं. गर्भपिशवीवर छेद आडवा घेतला की उभा. बाळ काढताना तो छेद बाजूला किंवा खाली फाटत गेला होता का. रक्त चढवावं लागलं का, नंतर ताप-पू असं काही झालं का. आणि पुढच्या खेपेला कळांची वाट बघायला हरकत नाही, की कळा सुरू व्हायच्या आतच भरती व्हायचं. यातली एकेक गोष्ट ऑपरेशन संपवून हातमोजे काढता काढता तुम्हाला ठाऊक असते. चार वर्षांनी ती कुणालाच ठाऊक नसते.

मी आरोग्य सेविका होते. राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर नोकरी झाली, आता निवृत्त आहे. निवृत्त म्हणजे नावालाच. गल्लीतल्या, भावकीतल्या सुना दिवस राहिले की अजून कागद घेऊन येतात. कागद म्हणजे साडीच्या दुकानाची एक पिशवी. तिच्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट असतात, चित्र उडून नुसता करडा चकचकीत कागद उरलेले. औषधांची बिलं, बाळाच्या लसीचं कार्ड, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, आणि तळाला चौघडी घातलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर दवाखान्याचं नाव आणि डॉक्टरांच्या पदव्या ठळक रंगीत अक्षरांत. बाळाचं वजन. जन्मवेळ अगदी मिनिटासकट (पत्रिकेला लागते, म्हणून ती कुणी विसरत नाही). आणि ऑपरेशनच्या रकान्यात चार इंग्रजी अक्षरं, एलएससीएस. खाली गोळ्या, आणि टाके दाखवायला या म्हणून तारीख.

तुम्ही म्हणाल, एलएससीएस म्हणजेच पिशवीच्या खालच्या भागावरचा छेद, आणखी काय लिहायचं? खरं आहे, पण ती अक्षरं सवयीनं पडतात. कार्ड बहुतेक वेळा सिस्टर किंवा नवीन लागलेले डॉक्टर भरतात, कधी रकाना आधीच छापलेला असतो. छेद उलट्या टीसारखा वर वाढवावा लागला असेल, तर ते ऑपरेशन नोट्समध्ये राहतं आणि नोट्स दवाखान्याच्या फाईलीत राहतात. बाईच्या हातात येतं ते कार्ड. तिला विचारावं, "टाके कसे आहेत गं आतले?" तर ती पदर सारून पोटावरची खूण दाखवते. "हे काय, आडवं हाईत की." परकराच्या नाडीखाली झाकणारी ती खूण कातडीची. कातडीवर आडवा आणि आत पिशवीवर उभा, असं होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि बाहेरून बघून ते मलाही कळत नाही, तुम्हालाही कळत नाही.

फरक किती पडतो, ते तुम्हाला सांगायला नको. पण हे पत्र घरची माणसंही वाचतील, म्हणून लिहिते. पिशवीच्या खालच्या भागावर एकच आडवा छेद असेल, तर पुढच्या बाळंतपणात कळा सोसताना ती फाटण्याची शक्यता साधारण २०० मध्ये १. छेद वरच्या जाड भागावर उभा गेला असेल तर १०० मध्ये ४ ते ९. असा उभा छेद हौसेनं कुणी घेत नाही. बाळ फारच कमी दिवसांचं असतं आणि पिशवीचा खालचा भाग अजून तयारच झालेला नसतो, बाळ आडवं अडकलेलं असतं, वार (प्लासेंटा) खाली आलेली असते किंवा खालच्या भागात मोठी गाठ असते, तेव्हा नाइलाज असतो. अशा बाईनं पुढच्या खेपेला कळा घ्यायच्याच नसतात. तिला दिवस भरण्याआधी तारीख देऊन टेबलावर घ्यायचं असतं. आणि नेमकी तीच बाई कार्डावर चार अक्षरं घेऊन, नववा लागला तरी निवांत, गवताला जाते.

आता आपल्याकडची रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर निपाणीला, चिकोडीला, मिरजेला, नाहीतर घाटाखाली कणकवलीकडं. सिझर तिकडं होतं, फाईल तिकडं राहते, आणि सव्वा महिन्यानं किंवा पाचव्या महिन्यात बाई बाळ घेऊन सासरी येते. दुसऱ्या खेपेला ती तुमच्यासमोर बसते तेव्हा पहिल्या दवाखान्याचा नंबरही तिच्याकडं नसतो. फोन लागलाच तर उत्तर येतं, फाईल मिळत नाही. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे, आणि रुग्णानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे. आणि आम्ही आरोग्य सेविकांनी नोकरीभर काय सांगितलं? दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. म्हणजे जी बाई आमचं ऐकते, तिचे कागद तिला गरज पडेपर्यंत नियमानंच रद्दीत जाऊ शकतात. जी ऐकत नाही आणि वर्षाच्या आत पुन्हा राहते, तिची फाईल मिळते. पण तिचा व्रणच पुरता भरलेला नसतो. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर पडलं तर कळांमध्ये पिशवी फाटण्याचा धोका वाढतो, हे तर पक्कं ठरलेलं आहे.

म्हणून ७२ तासांच्या त्या नियमावर विसंबून चालत नाही. ओली बाळंतीण अर्ज लिहून फाईल मागायला येत नाही. तिचा नवरा बिलाच्या खिडकीवर असतो, आई पेजेचा डबा घेऊन फिरत असते. तुम्हीच, न मागता, द्यायला हवं.

पिशवी फाटणं हा शब्द घराघरांत माहीत झाला आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी धास्ती वारेची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या सिझरच्या व्रणावर पुढची वार येऊन बसली, तर ती नेहमीसारखी सुटत नाही. भिंतीच्या भेगेत पिंपळानं मुळं घालावीत तशी ती व्रणात शिरते, कधी पार करून मूत्राशयापर्यंत जाते. बाळ निघतं, वार निघत नाही, आणि ओढायला गेलं की रक्ताचा लोट. मग पिशवीच काढावी लागते, रक्ताच्या बाटल्या मोजायला कुणाला सवड नसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तीस हजारांवर सिझर तपासली होती. वार खाली, पिशवीच्या तोंडावर आलेल्या बायकांमध्ये ती रुतलेली निघण्याचं प्रमाण, आधी सिझर झालेलं नसेल तर ३ टक्के, एक झालं असेल तर ११, दोन झाली असतील तर ४०, आणि तीन झाली असतील तर ६१ टक्के. तीन, अकरा, चाळीस, एकसष्ट. हे आकडे एखाद्या सासूबाईंना शांतपणे वाचून दाखवले, तर त्याही गप्प बसतात. मी दाखवले आहेत.

वार खाली येणं मुळात कमी जणींना होतं, हे मान्य. घाबरवून सोडायचं नाही. पण ते आधी कळण्यासारखं आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठं आहे ते दिसतं. मागं सिझर आहे आणि वार पुढच्या अंगाला खाली आहे, असं दिसलं की बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा बघायचं, डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी लावून, आणि वार व्रणात शिरली आहे का हे शोधायचं. हे करायचं तर सोनोग्राफी करणाऱ्याला मागचं सिझर माहीत पाहिजे. तुमच्या चिठ्ठीवर नुसतं 'ॲनोमली स्कॅन', म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघा, एवढंच लिहिलेलं असतं. शेजारी 'मागे सिझर, वार व्रणावर आहे का पाहावे' हे लिहायला किती वेळ लागतो? आणि दिवस राहिल्याबरोबर, सहाव्या-सातव्या आठवड्यात, एक सोनोग्राफी या बायकांची झालीच पाहिजे. गर्भ जुन्या व्रणातच रुजला असेल तर तो तेव्हाच सापडतो. तसं क्वचित होतं, दोन हजार गर्भारपणांत एखादं, पण सापडलं नाही तर रक्तस्रावानं गाठतं. आपल्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा रिवाज आहे. पोटाला सिझरचा व्रण असलेल्या बाईनं हा रिवाज पाळू नये. नणंदेला नको सांगू, पण डॉक्टरला सांग.

रुतलेली वार आधी कळली, तर तिचं बाळंतपण ठरवून, चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान, जिथं रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि मूत्राशयाचा सर्जन हाताशी आहे अशा ठिकाणी करता येतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. पावसाळ्यात कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर पाणी आलं की तिकडची माणसं अडकून पडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर राष्ट्रीय महामार्गच बंद होता. १०८ ला फोन केला की गाडी येते, पण पाण्यावरून येत नाही. ज्या सिझरवाल्या बाईची तारीख जुलै-ऑगस्टची आहे, तिला जूनमध्येच सांगा की शेवटचा महिना शहरातल्या पाहुण्यांकडं काढ. कोल्हापुरात पाहुणा नाही असं घर जिल्ह्यात सापडायचं नाही.

आता तिसऱ्या सिझरबद्दल. हा विषय आपल्या जिल्ह्यात नुसता वैद्यकीय नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. त्या आकड्यांनी आपली अब्रू गेली. त्याच मनोवृत्तीची दुसरी बाजू आम्ही घराघरांत बघतो. दोन सिझर, दोन्ही मुली, आणि "एकदा बघू की, देवानं दिलं तर दिलं." बघायला जाते ती बाई, पोट तिचं. वार खाली आली, तर वर सांगितलेला चाळीस टक्क्यांचा आकडा याच पोटाचा. मी सांगितलं तर "सिस्टर काय, ऑपरेशनची टार्गेटं पूर्ण करायला सांगत्यात" असं होतं. तुम्ही सांगितलेलं चालतं. पण तुम्ही ते सांगता कुणाला? व्हरांड्यात, नवऱ्याला, जाता जाता, "आता पुढचं नको हं." तो घरी जाऊन सांगतो, डॉक्टर म्हणाले सगळं व्यवस्थित आहे. कार्डावर लिहा. तिच्या देखत, तिला वाचून दाखवून लिहा: दोन सिझर झाली आहेत, तिसऱ्या गर्भारपणात वार रुतण्याचा धोका मोठा. लिहिलेलं घरात पुरून उरतं.

आणि कुटुंब नियोजनाचं बोलणं सिझरच्या आधी करा, नंतर नाही. वार काढल्यावर त्याच वेळी आतून तांबी बसवता येते, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त तिची संमती आधी, शुद्धीत असताना, कळा नसताना घ्यायची. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. नसबंदीला घरचे तयार नसले, तरी तीन वर्षं तरी तिला मिळतील.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं सांगायची आहे. सिझर झालेल्या प्रत्येक बाईला पुढं नॉर्मलच करा, असा माझा हट्ट नाही. 'एकदा सिझर म्हणजे कायमच सिझर' हे वाक्य १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांनी लिहिलं तेव्हा छेद उभेच घ्यायचे. आडवा छेद रुळल्यावर ते तसं राहिलं नाही, आणि नीट निवडलेल्या बायकांपैकी चौघींतल्या साधारण तिघी पुढच्या खेपेला नॉर्मल होतात. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल तर त्याहून जास्त. पण त्यासाठी बाळाचे ठोके सतत बघणारं माणूस लागतं, रात्री दोन वाजता अर्ध्या तासात उघडणारं थिएटर लागतं, रक्त लागतं. ज्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतो, तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा सिझर करायचं ठरवलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त तसं तिला सांगा. आमच्याकडं ही सोय नाही, हवी असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात विचार, असं म्हणण्यात कमीपणा नाही. आणि जुना व्रण असताना दिवस भरलेल्या बाईला कळा आणायला मिसोप्रोस्टॉलची गोळी कुणीही देऊ नये. हे लहान गावातल्या दवाखान्यांसाठी लिहिते आहे, त्यांना कळेल.

न सांगण्याचा परिणाम काय होतो, ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. "तिथं गेलं की पोट फाडत्यात" या भीतीनं बाया कळा सुरू झाल्या तरी घरी दाबून बसतात. हेतू असा की अगदी शेवटी गेलं म्हणजे डॉक्टरला सिझर करायला वेळच राहणार नाही. खासगी बिलाची भीती त्यात मिसळलेली असते. सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं आणि रक्तासकट मोफत आहे, हे अजूनही सगळ्यांना माहीत नाही. पिशवीवर व्रण असलेल्या बाईनं घरी कळा दाबणं हा सगळ्यात वाईट मार्ग. कळ ओसरली तरी जुन्या टाक्यांवर दुखत राहतं, अंगावरून रक्त जातं, चांगल्या येत असलेल्या कळा एकाएकी थांबतात, बाळ हलत नाही, बाईला गरगरतं. यातलं एकही दिसलं तर घरचे म्हणतात, "जरा पडू दे तिला, दमली." तेवढ्यात बाळ हातचं जातं. पिशवी फाटल्यावर बाळाला मिनिटं असतात, तास नसतात. ही लक्षणं तुमच्या कार्डाच्या मागं छापा. लोक कॅलेंडरच्या मागचं भविष्य वाचतात, हेही वाचतील.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला दोनच गोष्टी. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लागते. मागचं सिझर असेल तर माता-बाल संरक्षण कार्डावर खूण करायला चौकट आहे. पण छेद कसा होता, हे लिहायला जागा नाही, आणि आशाताईला ते विचारायला कुणी सांगितलेलं नाही. तिनं पहिल्याच भेटीत जुन्या डिस्चार्ज कार्डाचा मोबाईलवर फोटो काढावा. एक बाईच्या फोनमध्ये, एक तिच्या स्वतःच्या. पिशवीतला कागद उंदीर खातो, पुरात भिजतो, सासर-माहेरच्या भांडणात अडकवून ठेवला जातो. आणि सिझर झालेली सून माहेराहून परत आली की तिची नोंद सासरच्या गावच्या उपकेंद्रात त्याच महिन्यात झाली पाहिजे, पुढच्या गर्भारपणात नाही.

डॉक्टरसाहेब, मॅडम, वेळ नसतो हे मी नोकरीभर बघितलं आहे, म्हणून सोपा उपाय सुचवते. रबरी शिक्का करून घ्या. 'सिझरचे कारण', 'पिशवीवरील छेद: आडवा / उभा', 'छेद वाढला: होय / नाही', 'रक्त दिले: होय / नाही', 'पुढील खेपेस कळांची वाट: चालेल / नको', 'या तारखेआधी पुन्हा गर्भधारणा नको'. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो मावतो. सिस्टरनं उमटवायचा, खुणा ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनीच करायच्या आणि खाली सही करायची. सहीसाठी जागा मोठी ठेवा. सही नसेल, तर पुढचा डॉक्टर त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि मीही ठेवणार नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका